गीझर आधी, टाइल्स नंतर!

घराचं रिनोव्हेशन काढलंय, एवढंच ऑफिसात सांगून बघा. लंच टाइमला तुमच्या डब्याभोवती सल्लागार समितीच बसते. किचन ट्रॉलीज कुठे स्वस्त, मॅट फिनिश टाइल्सवर डाग पडतात का, फॉल्स सीलिंगला किती लाइट्स... प्रत्येकाकडे मत असतं आणि मोबाइलमध्ये फोटोही. बाथरूमचा विषय निघाला की तर विचारूच नका. रेन शॉवर, ग्लास पार्टिशन, भिंतीतून अधांतरी निघालेला कमोड! हॉटेल झक मारेल असं बाथरूम प्रत्येकाला हवं असतं.

या सगळ्यात गीझरचं नाव कुणी काढत नाही. बिचारा फोटोजेनिक नाही ना! मग काम संपत आलं, बजेट तर कधीच संपलं, आणि रंगाचा शेवटचा हात चालू असताना कुणाला तरी आठवतं, 'अरे, गीझर राहिला की!' शनिवारी संध्याकाळी दुकानात जायचं, ऑफरमध्ये असेल तो उचलायचा आणि रविवारी टांगायचा. झालं!

मंडळी, घोळ इथेच होतो. आरसा आवडला नाही तर बदलता येतो. नळ बदलता येतो. गीझरसाठी लागणारी वायर, अर्थिंग, गरम पाण्याचा पाइप हे सगळं मात्र टाइल्सच्या मागे जातं आणि पुढची दहा-पंधरा वर्षं तिथेच राहतं. म्हणून या आठवड्याचा फंडा एकच. कुठला गीझर, किती लिटरचा आणि कुठे बसणार, हे टाइल्स पसंत करायच्या आधी ठरवा. हा प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, थेट जिवाशी गाठ आहे. कसं, ते पुढे बघूच.

बाबांचा फ्लॅट, मुलांचं बजेट

देहूरोडला हा विषय घरोघरी निघतो. लष्कराचा डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि कॅन्टोन्मेंट यांच्याभोवती वाढलेलं हे गाव. आईबाबांच्या पिढीनं नोकरीच्या बळावर इथं किंवा जवळच्या विकासनगर, किवळे भागात घर केलं. मुलं आता सकाळी हिंजवडीची बस पकडतात, नाहीतर लोणावळा-पुणे लोकलनं शिवाजीनगर गाठतात. पगार बरा आहे, घर मात्र जुनं आहे.

आता घर जुनं झालं तर इमारत पाडून नवी बांधावी, असं पुण्यात सर्रास होतं. इथे ते सोपं नाही. दारूगोळ्याच्या डेपोभोवती दोन हजार यार्डांचा रेड झोन आहे आणि त्यात नव्या बांधकामाचं घोडं वर्षानुवर्षं अडलेलं आहे. देहूरोड, किवळे, मामुर्डीपासून तळवडे, निगडीपर्यंतच्या अनेक घरांना त्याचा फटका बसलाय. म्हणजे जी काही हौस करायची ती आहे त्या चार भिंतींच्या आत! म्हणून इथली रिनोव्हेशनं नुसती रंगरंगोटीची नसतात. तीस वर्षं जुन्या भिंतीत नव्या जमान्याची वीज आणि पाणी घुसवायचं असतं.

त्यात मावळातली थंडी. डिसेंबरात घोरावडेश्वरच्या डोंगरावरून वारा सुटला की सकाळी सहाच्या शिफ्टला निघणाऱ्याला गरम पाणी ही चैन वाटत नाही.

खिडकी कुठे गेली?

माझ्या एका मैत्रिणीच्या सासरी, देहूरोडलाच, हे सगळं रामायण घडताना मी पाहिलं. तिसरा मजला, टू बीएचके, घरात सासू-सासरे, ही दोघं आणि अडीच वर्षांचं पिल्लू. जुन्या बाथरूमला वरच्या बाजूला काचेच्या पट्ट्यांची छोटी खिडकी होती. नव्या डिझाइनमध्ये त्या जागी झकास मोठा आरसा आणि मागून एलईडी लाइट. खिडकी विटांनी बुजवून टाकायची ठरली होती.

प्लंबर म्हणाला, "वहिनी, गॅसचा गीझर लावून टाका. धो धो पाणी येतं आणि लाइट बिलाचं टेन्शन नाही."

मैत्रीण खूश. नवराही खूश. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई आल्या. "अगं, पण खिडकी तर तुम्ही बुजवताय. मग गॅस जळलेला धूर जाणार कुठून?"

"आई, त्याला धूर नसतो. आपल्या शेगडीला कुठे असतो?"

"दिसत नसेल. म्हणून नसतोच का?"

सासूबाई शंभर टक्के बरोबर होत्या. गॅस नीट जळायला भरपूर ऑक्सिजन लागतो. बंद, छोट्या बाथरूममध्ये गीझर दहा-पंधरा मिनिटं सलग पेटलेला राहिला की आतला ऑक्सिजन कमी होत जातो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते. 'गरम पाण्यानं होत असेल' असं वाटेपर्यंत हातापायातलं बळ जातं. दाराची कडी हातभर अंतरावर असते, पण ती काढता येत नाही.

हे घाबरवायला सांगत नाहीये. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या दिवसांत मुंबईत घाटकोपरच्या एका फ्लॅटमध्ये एक जोडपं बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडलं. पोलिसांच्या संशयाची सुई वळली ती गॅस गीझरकडे. त्याच सुमारास गाझियाबादजवळ मुरादनगरमध्येही अशीच एक बातमी आली. दोन्ही घरं तुमच्या-आमच्यासारखी.

गंमत बघा. 'गीझर' हे नाव मुळात आइसलँडच्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून आलं. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन यानं घरात वापरायचा गॅसवरचा पाणी तापवायचा बंब काढला आणि त्याला हे नाव दिलं. त्या पहिल्या यंत्राला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती! दीडशे वर्षं उलटून गेली, यंत्र छोटं झालं, स्लीक झालं, पण बंद बाथरूममध्ये लावलं तर दोष तोच. आपल्या आज्या तांब्याचा बंब पेटवायच्या तो परसात, नाहीतर धुराला वाट असलेल्या न्हाणीत. सासूबाईंनी विचारलं ते त्याच शहाणपणातून.

'पण एक्झॉस्ट फॅन आहे की!' असं म्हणणारे हमखास भेटतात. फॅन हवा बाहेर फेकतो हे खरं, पण आत यायला वाट नसेल तर तो फेकणार काय? आणि पहाटे लाइट गेले की फॅन बंद. गॅस गीझर मात्र चालूच राहतो, कारण तो पेटतो बॅटरीच्या सेलवर. म्हणजे जेव्हा फॅन नाही, नेमकं तेव्हाच आग चालू!

तेव्हा गॅसचा हवाच असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या गॅलरीत लावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्या. सिलिंडरसाठीचा गीझर आणि पाइपच्या गॅससाठीचा गीझर यांचे नॉझल वेगळे असतात, हेही दुकानात विचारा. घरी पाइप गॅस आला म्हणून जुना गीझर तसाच त्याला जोडायचा नसतो. आणि बाथरूम आतच असेल, गॅलरी नसेल, तर हा पर्याय विसरा. विजेचाच घ्या.

बादली की शॉवर?

आता पुढचा प्रश्न. इन्स्टंट की स्टोरेज? तीन लिटर की पंचवीस? इथे कंपनीच्या जाहिरातीपेक्षा शाळेतलं गणित जास्त कामाला येतं.

समजा टाकीतलं पाणी २० अंशांवर आहे आणि अंघोळीला ४० अंशांचं हवंय. बादलीनं अंघोळ केली तर माणशी साधारण २० लिटर. तेवढं तापवायला जेमतेम अर्धा युनिट वीज लागते. चार माणसं म्हणजे ८० लिटर आणि पावणेदोन ते दोन युनिट. महिन्याला पंचावन्न-साठ युनिटच्या घरात.

आता रेन शॉवर. मिनिटाला आठ लिटर धरले तर दहा मिनिटांत गेले ८० लिटर. म्हणजे चार माणसांची बादलीची अंघोळ आणि एका माणसाचा दहा मिनिटांचा रेन शॉवर, दोन्हीला वीज अगदी सारखी! महावितरणच्या बिलात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, ३०० च्या पुढे आणखी चढतो. घरात दोन शॉवरप्रेमी असतील तर स्लॅब कुठे उडी मारतो ते बिल आल्यावर कळेलच.

तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर याच हिशेबानं मिनिटाला दोन-सव्वादोन लिटर पाणीच सलग गरम देऊ शकतो. बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. आत साठलेल्या तीन लिटरचा थोडा आधार मिळतो, तेवढाच. भांडी घासायला, दाढीला, एकट्या माणसाच्या बादलीला मस्त. पण त्याच्यावर रेन शॉवर लावलात तर डोक्यावर कोमट पावसाची रिपरिप!

मग पंचवीस लिटरचा स्टोरेज? ६० अंशांवर तापलेल्या २५ लिटरमध्ये तेवढंच गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं ५० लिटर मिळतं. दोन-अडीच बादल्या आरामात. शॉवर मात्र सहाव्या मिनिटाला गार पडायला लागतो. पुन्हा तापायला दोन किलोवॅटच्या गीझरला अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ. घरात पाच माणसं आणि सगळ्यांना साडेसात ते साडेआठमध्येच आवरायचं असेल, तर हा अर्धा तास म्हणजे रोजचं महाभारत.

थोडक्यात, गीझर माणसं मोजून घेऊ नका. सकाळच्या त्या एका तासात किती जण, बादलीनं की शॉवरनं, हे मोजा.

आणि देहूरोडसारख्या तीन-चार मजली इमारतींमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक गोष्ट. टाकी डोक्यावर जेमतेम दोन-तीन मीटर. पाण्याला जोर येतो तो उंचीनं. दहा मीटरला साधारण एक बार. म्हणजे तुमच्या शॉवरला त्याच्या पाव भागाएवढाच जोर! मग लोक प्रेशर पंप बसवतात. पंप बसवणार असाल तर गीझरच्या लेबलवर तो किती बार दाब सोसतो ते बघा. उंच इमारतींसाठी म्हणून विकले जाणारे गीझर साधारण आठ बारचे असतात.

तारे कशाचे?

दुकानदार सांगतो, 'फाइव्ह स्टार आहे, बिल अर्ध्यावर येईल.' थांबा! पाणी तापवायला लागणारी वीज सगळ्यांना जवळपास सारखीच लागते. त्यात जादू नाही. गीझरवरचे तारे सांगतात ते तापलेलं पाणी नुसतं ठेवलं तर चोवीस तासांत किती उष्णता वाया जाते ते. म्हणजे इन्सुलेशन किती चांगलं, एवढंच. ज्यांच्या घरी सकाळी आजोबा, मग शाळा, मग ऑफिस, संध्याकाळी पुन्हा कुणीतरी, असा गीझर दिवसभर चालू-बंद होतो, त्यांना तारे खरोखर पैसे वाचवून देतात. जो एकटा जीव सकाळी वीस मिनिटं लावून, अंघोळ करून बंद करतो, त्याला फरक अगदीच किरकोळ. छोट्या इन्स्टंट गीझरवर तारे दिसत नाहीत, त्याचं कारणही हेच. तिथे साठवण नाही, मग साठवणीतली गळती मोजणार कशाला? आयएसआय मार्क मात्र दोन्हींवर हवाच.

भिंतीच्या आतली गोष्ट

आता मुख्य मुद्दा. दोन किलोवॅटचा गीझर नऊ अँपियरच्या आसपास करंट ओढतो, तीन किलोवॅटचा तेरा. जुन्या इमारतीत बाथरूमपर्यंत बऱ्याचदा फक्त दिव्याची बारीक वायर आलेली असते. तिच्यावर गीझर जोडला की वायर तापते. रोज थोडी थोडी, भिंतीच्या आत, तुमच्या नव्याकोऱ्या टाइल्सच्या मागे.

म्हणून टाइल्स लागायच्या आधी मेन बोर्डापासून गीझरसाठी स्वतंत्र लाइन ओढून घ्या. तांब्याची ४ स्क्वेअर एमएमची वायर टाकलीत की उद्या दोनचा तीन किलोवॅट केलात तरी चिंता नाही. तिचा वेगळा एमसीबी. स्विच बाथरूमच्या बाहेर, ओल्या हाताला लागणार नाही असा.

पण यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे अर्थिंग. गीझरमधली कॉइल आज ना उद्या फुटते. ती फुटली की करंट पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसातून जातो. तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे अर्थिंग आहे असं मुळीच नाही. जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकामागे कधीकधी वायरच नसते! इलेक्ट्रिशियनला तुमच्यासमोर मीटर लावून तपासायला सांगा. आणि मेन बोर्डावर ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्या. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. दोन्ही दिसायला सारखेच, कामं वेगळी. रेन शॉवरच्या किमतीत हे आरामात बसतं.

पाइपचंही तेच. गरम पाण्याला साधा पीव्हीसी चालत नाही, सीपीव्हीसी लागतो. आणि गीझर शॉवरपासून जितका लांब, तितकं पाइपमध्ये अडकलेलं गार पाणी रोज वाया. ज्या भिंतीवर टांगणार ती पक्की हवी, कारण २५ लिटरचा गीझर भरला की पस्तीस किलोच्या आसपास जातो. त्याला फॉल्स सीलिंगमध्ये लपवायचा मोह होतोच. लपवा, पण खाली हात घालून उघडता येईल असं झाकण ठेवा. उभा गीझर आडवा टांगायचा नाही, हे तर सांगायलाच नको.

थेंब थेंब गळू द्या

गीझरच्या गार पाण्याच्या तोंडाशी एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना त्यातून थेंब पडतात. मग नव्या पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर ओघळ नको म्हणून कुणीतरी त्याला प्लग मारतं. प्लीज, असं कधीही करू नका! पाणी तापलं की फुगतं. २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत गेलेलं २५ लिटर पाणी साधारण दीड-दोन पेल्यांएवढं वाढतं. त्याला बाहेर पडायला वाट हवी. ती बंद केली आणि नेमका थर्मोस्टॅटही बिघडला तर बंद डब्यात दाब वाढतच जातो. ओघळ नको असेल तर त्या व्हॉल्व्हला बारीक नळी लावून ती थेट जाळीपर्यंत न्या. हेही टाइल्सच्या आधी ठरवलं तर नळी लपते.

बोअरचं पाणी असेल तर आत क्षार साचतात. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवतो. वर्षा-दोन वर्षांनी तो तपासायचा आणि संपला की बदलायचा. त्यासाठी गीझरखाली हातभर मोकळी जागा लागते. डिझायनरला ती आवडणार नाही. तुम्ही हट्ट धरा.

आणि घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा. ६० अंशांचं पाणी कोवळ्या कातडीला काही सेकंदांत भाजतं.

आणि सोलर?

वरचा मजला, गच्चीवर जागा आणि सोसायटीची लेखी परवानगी, हे तिन्ही जुळलं तर सोलर बेस्टच. फक्त मावळातला पावसाळा विसरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये सूर्यनारायण आठवडाभर तोंड दाखवत नाहीत, तेव्हा विजेचा बॅकअप लागणारच. आज परवडत नसेल तरी गच्चीपर्यंत एक जादा सीपीव्हीसी पाइप आत्ताच टाकून ठेवा. पाच वर्षांनी स्वतःला शाबासकी द्याल.

टाइल्सवाल्याला फोन करण्याआधी...

* बाथरूमला हवा येण्याची वाट बुजत तर नाही ना?
* सकाळच्या एका तासात किती जणांना, किती पाणी हवं?
* स्वतंत्र वायर, एमसीबी, आरसीसीबी ठरले? अर्थिंग मीटरनं तपासलं?
* गीझरची जागा भिंतीवर खडूनं आखली? खाली आणि बाजूला हात शिरतो ना?
* भिंत बंद होण्याआधी वायर-पाइपचे फोटो काढले? पुढे ड्रिल मारताना हेच फोटो वाचवतात.

मैत्रिणीच्या घरी शेवटी आरसा थोडा छोटा झाला आणि काचेच्या पट्ट्यांची खिडकी तिच्या जागी राहिली. २५ लिटरचा विजेचा गीझर लागला, बाहेर स्वतंत्र स्विच. मेन बोर्ड उघडला तेव्हा बाथरूमच्या सॉकेटला अर्थिंगची वायर खरोखरच नव्हती. सासऱ्यांनी तीस वर्षं त्याच सॉकेटवर पाणी तापवलं होतं. ते काही बोलले नाहीत. फक्त इलेक्ट्रिशियन नवी वायर ओढत असताना शेवटपर्यंत स्टूल धरून उभे राहिले.

रेन शॉवर? तो पुढच्या बोनसला. तो काय, कधीही बदलता येतो!